आंघोळीचा चौरंग

गेल्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं झाली ती एका चौरंगावरून. जमीन नाही, सोनं नाही, चौरंग. आबा, म्हणजे माझे वडील, गडमुडशिंगीचं घर सोडून कसबा बावड्यात माझ्याकडं राहायला आले, तेव्हा हा सागवानी चौरंग सोबत घेऊन आले. आंघोळ त्याच्यावर बसूनच करायची. प्लास्टिकचं स्टूल आणलं तर म्हणाले, "त्येच्यावर बसाय मी काय धुणं हाय व्हय?"

तसं बरं चाललं होतं. लाकूड जुनं, खरबरीत. तांब्याभर पाणी पडलं की पसरायचं, मुरायचं, आणि बसलेला माणूस जागचा हलायचा नाही. पण एका रविवारी आमचे धाकटे बंधुराज जयसिंगपूरहून आले आणि त्यांना वडिलांचा कळवळा आला. "आबास्नी लाकडाची कूस टोचंल की गं." घेतला झिरो नंबरचा पॉलिश पेपर आणि दुपारभर घासत बसला. वर खोबरेल चोळलं. मी म्हटलं, अरे बाबा, हे आंघोळीला बसायचं आहे, हॉलमध्ये मांडायचं नाही. ऐकेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी पाणी मुरेचना. अळूच्या पानावर राहतात तसे नुसते थेंब. त्यात साबण लागला आणि आबा सरकून खाली आले. कोपर खरचटलं, एवढंच. पण त्या दिवशी त्यांना मी आंघोळ घातली. त्यांनी डोळे मिटले ते अंग पुसेपर्यंत उघडलेच नाहीत. दिवसभर माझ्याकडं पाठ. चहासुद्धा भिंतीकडं तोंड करून प्याले.

संध्याकाळी भावाचा फोन. "आंघोळ घालाय माणूस ठिवूया की." फोन स्पीकरवर, आबा समोर बसलेले. मी भावाला म्हटलं, तू आधी तुझा हात आवर. आणि आबांना बजावलं, यापुढं बाथरूमची कडी लावायची नाही. ते म्हणाले, "बरं."

बरं कसलं. सकाळी कडी लावलेली आणि आतून नुसतं खर्र खर्र. मी दार बडवून बडवून थकले. "जरा थांब की." बऱ्याच वेळानं दार उघडलं. अंगावर पाणी घेतलेलं नव्हतं, पण घामानं निथळत होते. हातात माझी टाचा घासायची वजरी, निम्मी झिजलेली. बोटांची सालटं निघालेली. चौरंगाचा गुळगुळीतपणा पार घालवला होता.

"वत पाणी," म्हणाले.

मी तांब्या ओतला. पाणी झटक्यात कोपऱ्यापर्यंत पसरलं, लाकूड काळपट झालं. एक थेंब उभा राहिला नाही. आबा कपड्यांनिशी त्यावर बसले आणि इकडं तिकडं हलून दाखवलं. मला इतका राग आला होता, या वयात हे उद्योग म्हणून. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते हळू म्हणाले, "माझी मला करू दे पोरी. एवढंच ऱ्हायलंय."

गरम पाणी काढून दिलं आणि बाहेर आले. आतून कडी लागली. मी दाराशी उभी राहिले.

"दाराम्होरं हुबी हाईस न्हवं?" आतून आवाज आला. "जा, काम बघ जा."

गेले. काय करणार.