हाडूक कोणी टाकलं?

अकरा वर्षं एका हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईला मालकानं एका दुपारी सगळ्यांसमोर हाकललं. सिंकखालचं डिस्पोजर, म्हणजे खरकटं दळून पाण्याबरोबर वाहून नेणारं यंत्र, जळालं होतं. मुख्य आचाऱ्यानं त्यात भलंमोठं हाडूक ढकललेलं तिनं पाहिलं होतं. पण तो साळसूदपणे म्हणाला, "हिचंच काम आहे."

रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिचा आतेभाऊ विजेच्या मोटरी दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखाली ती हेच यंत्र दुरुस्त करायला शिकली. पाना आवळताना डोळ्यांपुढे आचाऱ्याचं थोबाड असायचं. "कधीतरी गाठ पडेलच," ती म्हणायची. भाऊ हसायचा. ती हसत नसे.

सहा वर्षांनी गाठ पडली. आचाऱ्यानं स्वतःचं हॉटेल काढलं होतं. ऐन जेवणाच्या वेळी सिंक तुंबलं म्हणून त्यानं दुरुस्तीला मिस्तरीण बोलावली, ती नेमकी हीच. त्यानं तिला ओळखलं नाही. भांडीवालीच्या तोंडाकडे त्यानं कधी पाहिलंच कुठं होतं?

"पाती बोथट झाली असतील. बदला पटकन!"

"यात पाती नसतातच. तबकडी गरगर फिरते, खरकटं कडेच्या खरबरीत कड्यावर आपटतं, तिथं त्याचा भुगा होतो. काहीतरी अडकलंय."

वीज बंद करून तिनं चिमट्यानं हाडूक बाहेर काढलं. "हे कोणी टाकलं?"

त्यानं लगेच कोपऱ्यातल्या भांडीवालीकडे बोट केलं. "हिचंच काम आहे. आजच हाकलतो."

तिच्या अंगाची लाही झाली. तिनं हाडूक परत आत टाकलं आणि पिशवी उचलली.

"अहो, हे काय?"

"अकरा वर्षं तुमची पातेली घासलीत मी. नीट बघा माझ्याकडे."

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. बाहेर गिऱ्हाइकं ओरडत होती. काळं पाणी सिंकमधून फरशीवर उतरलं.

"किती पैसे हवेत?"

"पैसे नकोत. तेव्हा कोणी टाकलं आणि आज कोणी टाकलं, मोठ्यानं सांगा."

"...मी."

"ऐकू आलं नाही."

"मीच टाकलं! दोन्ही वेळा!"

कोपऱ्यातली बाई त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग मिस्तरीणबाई गुडघ्यांवर बसल्या. हाडूक काढलं, खालून पाना घालून तबकडी मोकळी केली, वीज सुरू करून यंत्र पुन्हा चालू करायचं लाल बटण दाबलं. यंत्र घरघरलं, पाणी उतरलं.

"माफ करा मला," तो पुटपुटला.

"नाही करणार," ती म्हणाली आणि पावतीवर 'बिघाडाचं कारण: मालकानं हाडूक टाकलं' असं लिहून त्याच्यापुढे सहीला धरली.