विजेला सुतक नसतं

लालबागला मसाला कुटून देणाऱ्या एक बाई आहेत. आमचा मसाला त्यांच्याकडूनच यायचा, पण नाव मी कधी विचारलं नाही. तयार पाकिटांमुळे गिऱ्हाईक आटलं, दुकान बंद पडायला आलं, तेव्हा त्यांनी दारात विजेच्या गाड्यांसाठी चार्जर बसवायला सरकारी अनुदान मागितलं.

शेजारी हसले. "मावशी, गाड्यांना मिरची चारणार काय?"

त्या पदर नाकाशी धरून मिरच्यांचे देठ काढत राहिल्या.

अनुदान मंजूर झालं. चार्जरच्या पूजेला मी लांब उभा होतो. बाईंनी नारळ माझ्याच हाती दिला.

"बायको जाऊन अजून वर्ष नाही झालं," मी म्हणालो.

"विजेला कसलं सुतक, काका? फोडा!"

एका घावात फुटला. पहिली स्कूटर लागली, हिरवा दिवा पेटला आणि हसणारेच आपापल्या गाड्या घेऊन रांगेत उभे राहिले.

एक कवड मी घरी आणली. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच वाटण केलं.