स्वस्तातली एसएसडी

रेवदंड्यातल्या आमच्या शेजारच्या काकांसमोर कॉम्प्युटरचा विषय काढायचा नसतो. स्वस्तातली एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, घेणाऱ्याकडे ते शिळे बोंबील घेणाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात. "नुसता कॉम्प्युटर सुरू करायला ठीक हाय. मोठी फाइल टाकलीत की धापा टाकील," हे वाक्य मी रिक्षा स्टँडवर, साखरपुड्यात आणि एका मयतीलाही ऐकलंय.

स्वतः त्यांनी सगळ्यात वेगवान एसएसडी आणली आणि खोक्यासकट कपाटात ठेवली. लावत का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "वापरली की झिजते ना."

मागच्या आठवड्यात कोळीवाड्यातली एक मुलगी बंद पडलेला लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे रडत आली. तिला पहिलंच काम मिळालं होतं, एका लग्नाचं शूटिंग एडिट करायचं, आणि आतली डिस्कच गेली होती. शेजारी बराच वेळ कपाटाकडे पाहत राहिले. मग उठले, खोका फोडला आणि आपली एसएसडी तिच्या लॅपटॉपमध्ये बसवू लागले.

ती घाबरली. "काका, महागातली नको. आई परत द्यायला लावील."

"स्वस्तातलीच हाय गं. पडून होती."

काल मी त्यांच्या ओटीवर बसलो असताना ती पेढे घेऊन आली. "काका, तुम्ही उगाच नावं ठेवता. एवढं मोठं शूटिंग टाकलं, पण कुठं अडली न्हाय. स्वस्तातल्या पण पळतात की!"

मी शेजाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी तोंडातला पेढा अगदी सावकाश संपवला.

"व्हय," ते म्हणाले, "पळतात."