आगीच्या पाइपाला लाल रंग

बाभुळगावच्या जिनिंगमध्ये मी फिटर होतो. कापसाचे भाव पडले, जिनिंग महिनोन्‌महिने बंद राहू लागलं आणि आग विझवायच्या पोलादी पाइपात पाणी नुसतं साचून राहिलं. एकदा पाइप उघडला, तर आत काळा, बुळबुळीत थर होता. सडक्या अंड्यांचा वास. माझी अक्कल एवढीच, की तो ग्रीससारखा पोलाद राखतो असं वाटलं. दर दसऱ्याला मी बाहेरून लाल रंग मारून हार घालत राहिलो.

कापूस पेटला, तेव्हा पाणी पाइपाच्या भोकांतूनच सांडलं. पाहणीला आलेले इंजिनिअर म्हणाले, "त्या थरातल्या जंतूंनी पोलाद पोखरलं."

आता नवा पाइप बसवलाय, पण त्यातही पाणी साचलेलंच आहे. "धुऊन काढू का?" मी मालकांना विचारलं.

"कायले? रंग मार."

मी मारला.