केपूने अर्धाच बघितलेला सिनेमा

केपू मीटर वाचायला आला की आमच्या गावात कुणी विजेबद्दल विचारायचंच नाही. विचारायचं ते एकच, "काय रे, या आठवड्यात काय बघितलंस?" मग तो वही काखेत मारणार, टोपी मागे सरकवणार आणि पायरीवर बूड टेकणार. एका घराला पाच मिनिटं पुरायची, तिथे हा पठ्ठ्या पाऊण तास घालवायचा. सबंध टोंगा बेटांत एवढा हळू मीटर वाचणारा माणूस दुसरा नसेल.

त्याला वेड विनोदी सिनेमांचं. ऑकलंडहून कुणी आलं की पहिल्यांदा केपूसाठी सिनेमे भरलेला पेनड्राइव्ह खिशातून निघायचा, मग बाकीच्यांचे कपडे आणि चॉकलेटं. आणि मतं तर काय, मागायची सोयच नव्हती, न मागता मिळायची. "हल्लीच्या सिनेमात माणसं पडतच नाहीत. उभ्या उभ्या बोलतात आणि आपण हसायचं. बोलायला आमच्या घरी बायको आहे की!" किंवा, "जाडा माणूस दारातून आत आला की हसायचं, असा नियम केलाय म्हणे त्यांनी. मग आपल्या गावात काय दिवसभर दात काढत फिरायचं?" शेवटी रडवणाऱ्या विनोदी सिनेमांवर त्याचा भारी राग. "नारळाच्या दुधात वाळू," म्हणायचा. सिनेमात कुत्रा असला तर मात्र तो दहा मिनिटं जास्त बघायचा. कुत्र्याला खोटं हसवता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

पण त्याच्या मताला गावात किंमत होती ती वेगळ्याच कारणासाठी. आमच्याकडे भाऊ आणि बहीण एका खोलीत बसून सिनेमा बघत नाहीत. पडद्यावर कुणी कुणाचा मुका घेतला, कुणी वावगं बोललं, तर त्या दोघांनी तोंड कुठे लपवायचं? दहा-बारा वर्षांचा झाला की मुलगा वेगळ्या खोपटात झोपायला जातो, आणि तिथून पुढे बहीण आत आली की भाऊ उठून बाहेर. म्हणून केपूचे तीनच शेरे. पहिला, 'सगळ्यांचा'. म्हणजे भाऊ-बहीण एका छपराखाली बसले तरी हरकत नाही. दुसरा, 'पुरुषांनी पुरुषांत, बायकांनी बायकांत'. तिसरा, 'दार लावून'. केपूने 'सगळ्यांचा' म्हटलं की घरातली म्हातारी माणसंसुद्धा डोळे मिटून विश्वास टाकायची. वीस वर्षांत त्याचा शेरा एकदाही चुकला नव्हता. तिथेच घात झाला. कारण पुढे पुढे त्याला वाटायला लागलं, सबंध सिनेमा बघायची गरजच काय? शितावरून भाताची परीक्षा!

चर्चच्या बँडला नवीन वाद्यं हवी होती. पाळकसाहेबांनी शनिवारी दुपारी सभागृहात सिनेमा लावायचं ठरवलं आणि केपूला बोलावून घेतलं.

"निवड तू करायची. पण भाऊबहिणी सगळेच येणार. तेवढं बघ बाबा."

केपूच्या हातात एक ताजा सिनेमा होता. एक होडी, तिच्यात एक जावई, एक सासू आणि एक शेळी. चाळीस मिनिटं त्याने मीटरच्या गाडीत बसून बघितला होता, खो खो हसला होता, तेवढ्यात कामाचा फोन आला. पुढचं राहिलं ते राहिलंच.

"पूर्ण बघितलास ना?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"बघितला," केपू म्हणाला. "सगळ्यांचा आहे. शेळीच आहे हो त्यात, आणखी काय असणार?"

एवढंच खोटं. पण बोलला कुणापुढे, तर पाळकापुढे.

शनिवारी सभागृहाच्या खिडक्यांना चटया टांगल्या होत्या. आत उकडून जीव जात होता, तरी बसायला जागा नव्हती. पुढे बायका, मागे पुरुष, आणि सगळ्यांत मागे यंत्राजवळ स्वतः केपू. बायकांच्या पहिल्या रांगेत त्याची थोरली बहीण फुसी बसली होती. फुसी म्हणजे चर्चच्या गाण्याची म्होरकी, पाठ सरळ, तोंडाला कुलूप. तिच्या समोर शिंकायला सुद्धा लोक कचरायचे. ती सिनेमाला आली होती ती केवळ भावाने 'सगळ्यांचा' म्हटलं म्हणून. दोघांनी एका छपराखाली सिनेमा बघायची ही पहिलीच वेळ. केपूला त्या दिवशी केवढा अभिमान वाटत होता!

पहिला तास झकास गेला. लोक मांड्या थोपटत होते. मग सासू होडीच्या टोकाला जाऊन उभी राहिली, मागून शेळी आली, आणि... पुढचं मी सांगणार नाही. मलाही दोन बहिणी आहेत. एवढंच सांगतो, की शेळीने जे केलं ते एक वेळ चाललं असतं, पण त्यावर जावई जे बोलला ते दार लावून ऐकण्याच्याही पलीकडचं होतं.

सभागृह गार पडलं. दोनशे माणसं, आणि श्वास कुणी घेईना. आणि त्या शांततेत एक हसू फुटलं. पुढून, पहिल्या रांगेतून. नाकातून सुरू होणारं, मग घशात अडकणारं, मग एकदम कोंबड्यासारखं वर चढणारं. त्याच क्षणाला मागून, यंत्राजवळून, अगदी तस्संच दुसरं हसू आलं. तेच नाक, तोच कोंबडा. आवर घालायच्या आत केपूच्या तोंडातून निघून गेलं होतं ते.

दोनशे माणसांत दोघंच हसली, आणि ती दोघं भाऊ-बहीण!

केपूने धडपडत यंत्राची वायर उपटली. अंधारात बायका उठल्या, चटया सरकल्या, दार उघडलं. फुसी डोक्यावरून शाल ओढून कुणाकडे न बघता निघून गेली. पाळकसाहेब केपूजवळ आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बघितला म्हणाला होतास."

केपूला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण धरणी अशी वेळेवर कधी कुणाला घेते?

आता यातली खरी गोम ऐका. तीन आठवड्यांनी केपूच्या मुलीचं, लोसेचं लग्न होतं. आमच्या लग्नात नवरीच्या आत्याचा मान सगळ्यांत मोठा. ती पुढच्या चटईवर बसते, पहिलं ताट तिचं, चांगल्यात चांगली चटई तिला. आत्या नसली तर लोक जेवून जातील हो, पण त्या पोरीला जन्मभर ऐकवतील, की हिच्या लग्नात आत्याची जागा रिकामी होती. आणि सिनेमानंतर चौथ्या दिवशी फुसीचा निरोप आला. 'मला जमणार नाही. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवा.' दुसरं कोण बसणार? केपूला बहीण एकच.

केपूची बायको विका तशीच उठून नणंदेकडे गेली. अर्ध्या तासात परत आली.

"दारातच उभी होती ताई. म्हणाली, मी त्या पोरीच्या लग्नात बसले तर लोक पोरीला बघणार नाहीत, मला बघतील आणि शेळी आठवतील."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? खरंच आहे ते. तू जाऊन माफी माग."

"कशाची? काय म्हणून मागू?" केपू एकदम चिडला. "ताई, त्या अमुक वाक्याबद्दल माफ कर, असं म्हणू? म्हणजे तेच पुन्हा तिच्या तोंडावर बोलल्यासारखं नाही का झालं?"

उभ्या आयुष्यात ज्याची जीभ टाळूला लागली नाही, त्याला आता एक शब्द बोलायची सोय राहिली नव्हती.

लोसे आतून बाहेर आली. रडून रडून डोळे सुजलेले. "सगळ्या जगाला मतं देत फिरतोस बाबा," ती म्हणाली, "एक सिनेमा शेवटपर्यंत बघवला नाही तुला?"

हे मात्र त्याच्या वर्मी लागलं. त्यानंतर तो कुणाच्या पायरीवर बसला नाही. मीटर वाचायचा, आकडा लिहायचा, चालू पडायचा. संध्याकाळी कावा, म्हणजे मुळं कुटून केलेलं आमचं गुंगीचं पेय, प्यायला पुरुष जमले, तिथे मोआला नावाचा एक टवाळ आहे, त्याने वाडगा पुढे करत विचारलंच, "काय केपू, पुढचा कुठला? तुझ्या आणि ताईच्या आवडीचा?" बाकीचे माना खाली घालून फिदीफिदी हसले. केपूने वाडगा खाली ठेवला आणि उठून घरी आला.

लोकांना वाटायचं, हा लाजेने खंगतोय. लाज होतीच. पण त्याला आतून खात होतं ते वेगळंच, आणि ते तो बायकोलाही सांगू शकत नव्हता. लहानपणी एकाच मच्छरदाणीत झोपायची ती दोघं. आजोबा घोरायला लागले की फुसी आधी नाकातून हसायची, मग घशातून, मग कोंबडा. उशी तोंडावर दाबून दोघं मरेस्तोवर हसायची. मग तो दहा वर्षांचा झाला, खोपटात गेला, आणि त्या दिवसापासून चव्वेचाळीस वर्षं त्याने बहिणीचं हसू ऐकलं नव्हतं. ते त्या सभागृहात ऐकलं. आणि त्याला आनंद झाला होता. सगळं गाव थिजलेलं असताना, तोंडाला काळं फासलं जात असताना, त्याला वाटलं होतं, अरे, ही अजून तश्शीच हसते! या आनंदाचीच त्याला सगळ्यांत जास्त शरम वाटत होती.

महिन्याचं मीटर वाचायला तो फुसीच्या घरी गेला. तिचं मीटर मागच्या भिंतीवर. दर महिन्याला तो येताना दिसला की ती आत जायची, आणि मीटरच्या खालच्या कठड्यावर झाकलेली ताटली असायची. अळूच्या पानात बांधलेलं मटण, सुरणाचा तुकडा. तो खायचा, ताटली धुऊन पालथी घालायचा. वर्षानुवर्षं भावाबहिणीचं हेच काय ते बोलणं. या वेळी कठडा रिकामा होता. केपूने आकडा लिहिला तो चुकीचा लिहिला, पुन्हा खोडून लिहिला.

लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा सकाळी त्याने घरातली सगळ्यांत जुनी, फाटकी चटई कमरेला गुंडाळली. मोठ्या चुका झाल्या की आमच्याकडे अशीच गुंडाळतात. माफी मागणाऱ्याने घालायची चेस्टनटच्या झाडाच्या पानांची माळ गळ्यात घातली. विकाने विचारलं, "येऊ का बरोबर?" तो नको म्हणाला.

फुसीच्या अंगणात, उन्हात, तो मांडी घालून मान खाली घालून बसला. रस्त्यावरून लोक जात होते. थांबत होते, बघत होते. मोआलाही आला, पण टवाळी न करता मान खाली घालून पुढे गेला. दुपार झाली. माळेतली पानं वाळायला लागली. केपूच्या मानेवरून घामाचे ओघळ वाहत होते आणि मनात एकच, ही बाहेर आली नाही तर लोसेला काय सांगू?

दार वाजलं. त्याने वर बघितलं नाही, बघायचं नसतंच. दोन पाय समोर येऊन थांबले. टाचांना भेगा, आईसारख्याच. फुसीने वाकून त्याच्या गळ्यातली माळ काढली, बाजूला ठेवली. एक झाकलेली ताटली समोर ठेवली आणि आत निघून गेली.

केपूने तिथेच बसून खाल्लं. ताटली चाटूनपुसून रिकामी केली, धुतली आणि कठड्यावर पालथी घातली.

लग्नाला फुसी आली. काळ्या रेशमी कपड्यात, पाठ सरळ, पुढच्या चटईवर. लोसेने वाकून तिच्या हाताचा मुका घेतला तेव्हा विकाचे डोळे भरून आले. कुणी काही आठवलं असलं तरी कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. केपू मांडवाच्या मागच्या खांबाला टेकून उभा होता. झालं, निभावलं, असं त्याला वाटलं.

मग नाच सुरू झाले. नवऱ्याकडची एक सत्तरीची म्हातारी उठली. नवऱ्या मुलाची टोपी डोक्यावर उलटी घातली, पोट पुढे काढलं, आणि पाळकसाहेबांसारखी चालायला लागली. मांडव कोसळायचा बाकी राहिला. खुद्द पाळकसाहेब डोळे पुसत होते. केपूने फुसीकडे बघितलं. तिने पंखा तोंडावर दाबून धरला होता. डोळे खाली. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. एकदा तिने चोरून मागे बघितलं, केपू कुठे उभा आहे ते, आणि पंखा आणखी घट्ट दाबला.

केपूला कळलं. हा मांडवात आहे तोवर ती हसणार नाही. आजही नाही आणि पुढे कधीच नाही.

तो खांब सोडून हळूच बाहेर पडला. मांडवामागे निखाऱ्यांवर डुकरं भाजत होती, मोआला दांडा फिरवत होता, घामाने निथळत. केपू त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. आत म्हातारीने आणखी काहीतरी केलं असावं. हशाचा एक लोट आला, आणि त्याच्यावरून, सगळ्यांच्या वरून, एक हसू. आधी नाकातून, मग घशातून, मग कोंबडा.

केपूच्या घशाशीही तेच आलं होतं. त्याने ओठ दातांखाली घट्ट धरले आणि ते परत गिळलं.

मोआलाने मान उंचावून मांडवाकडे बघितलं. "आत काय चाललंय एवढं? बघण्यासारखं आहे का रे?"

"आहे," केपू म्हणाला. "सगळ्यांचा आहे. तू जा, शेवटपर्यंत बघ. डुक्कर मी फिरवतो."