सोनबांची पिपाणी आणि दोन राब

उत्रोलीचे सोनबा पलटणीच्या बँडमध्ये अठरा वर्षं क्लॅरिनेट वाजवून पेन्शनीवर घरी आले, तेव्हा गावानं त्या वाद्याची पहिल्याच दिवशी पिपाणी करून टाकली. रोज सकाळी पडवीत बसून सोनबा सलामीची धून वाजवत. ऐकायला कोण? म्हैस कान हलवी, तेही माश्या उडवायला. बायको बनाबाई चुलीपुढून म्हणे, "झाली का सुरू किरकिर?" सोनबा हसण्यावारी नेत, पण मनाला लागायचंच. हजार जवान ज्या धुनेवर पाऊल टाकायचे, ती इथं कुणाच्या कानात शिरत नव्हती.

अडुसष्ट साली गुळाच्या पुडीच्या कागदावर त्यांनी वाचलं, की वाद्य ऐकवलं तर पीक जोमानं वाढतं. कुण्या शास्त्रज्ञानं म्हणे करून पाहिलं होतं. पुढचा कागद फाटलेला. दुसऱ्या कुणी गूळ खाऊन कागद फेकला असता. सोनबांनी तो दाढीच्या सामानाच्या डब्यात जपून ठेवला आणि शेजारच्या रखमाजीला गाठलं.

"म्या करून बगणार. खरं असंल तर भात सांगंल."

"आन खोटं असंल तर?" रखमाजीनं विचारलं.

"तर ही पिपाणी नसरापूरच्या बँडवाल्याला देऊन टाकीन. पुन्यांदा हात लावणार न्हाई."

बोलून गेल्यावर उमगलं, काय पणाला लावलं ते. पण शब्द गेला तो गेला.

भात आधी राबात, म्हणजे शेण-पाला पसरून भाजलेल्या वाफ्यात पेरायचं, रोपं हातभर झाली की खाचरात लावायची, ही इथली रीत. उन्हाळ्यात सोनबांनी दोन राब भाजले. एक घरामागं आणि दुसरा पार ओढ्यापलीकडं, जिथं क्लॅरिनेटचा आवाज पोचत नव्हता. शेणाच्या पाट्या मोजून, पाल्याचे भारे मोजून, बियाणं एकाच कणगीतलं. रखमाजी साक्षीला उभा. पेरणी झाल्यावर सोनबा घरामागच्या राबापुढं पाट मांडून दोन्ही वेळा वाजवू लागले. गाव फिदीफिदी हसलं. ओढ्यापलीकडं एकटी बनाबाई तेवढी गवताला जायची.

एकविसाव्या दिवशी दोन्हीकडची वीस-वीस रोपं उपटून फुटपट्टीनं मोजली. दोन्ही सारखी. सोनबांनी पुन्हा मोजली. रखमाजीलाच कीव आली.

"तुमच्याकडची जरा उंच वाटत्यात की," तो म्हणाला.

"न्हाई. सारकीच हायती."

सोनबांनी क्लॅरिनेट पुसलं, जुन्या सदऱ्यात गुंडाळलं आणि एस.टी. गाठायला निघाले. दारात बनाबाई आडवी उभी राहिली.

"जाऊ नगा. तुमचा परयोग म्या नासवलाय."

"म्हंजी?"

"एका पंगतीला बसवायचं, एकाला वाढायचं आन दुसऱ्याला न्हाई? मला न्हाई बगवलं. गवताला गेले की त्या राबापाशी बसून रोज गुणगुणत हुते."

सोनबांना वाटलं, बाई समजूत घालतेय. "काय गुणगुणत हुतीस? कर बगू."

बनाबाईनं पदर तोंडाला लावला. रखमाजी गेल्याची खात्री केली. मग हळूच, तोंडातल्या तोंडात, तिनं सलामीची धून म्हटली. पहिल्यापासून शेवटापर्यंत, एकही वळण न चुकता. मधे एका जागी ती थबकली, श्वास घेतला आणि पुढं गेली.

त्या धुनेत तिथं थांबा नव्हताच. समोरचा दात पडल्यापासून, गेली चार वर्षं, सोनबांची फुंकच तिथं तुटायची.

ते उंबऱ्यावर बसले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी लपवलं नाही.

"मग रोज किरकिर म्हणत हुतीस ती?"

"ती बी म्हणत हुते."

ओढ्यापलीकडून एस.टी. भोंगा वाजवत निघून गेली. सोनबांनी क्लॅरिनेटवरचा सदरा सोडला.

संध्याकाळी रखमाजी कुंपणापाशी आला. पिपाणी अजून घरातच, म्हणून चकित झाला. सोनबांनी त्याला सगळं सांगितलं. दोन्ही राबांनी ऐकलं होतं, म्हणजे प्रयोगच रद्द.

"मग फुडल्या साली पुन्यांदा करायचा?" रखमाजीनं विचारलं.

"न्हाई," सोनबा म्हणाले. "आता भाताला इचारायचं काय राह्यलं न्हाई."