कुल्फीवाल्याचं पाणी आणि आमचा कोहळ्याचा वेल

बायको गेली तेव्हा मागच्या अंगणात तिनं लावलेला कोहळ्याचा वेल तेवढा उरला. एक तरी फळ पिकवून बी धरायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेजाऱ्याचा कुल्फीचा धंदा. बर्फात मीठ घालून डबे फिरवायचे आणि ते खारं पाणी आमच्या कुंपणापाशी ओतायचं. उन्हाळाभर हेच. वेलाची पानं काठानं करपायला लागली. सांगायला गेलो तर हसला.

"काकाजी, कोहळ्यासाठी एवढं काहून रडून राहिले? लकडगंजच्या बाजारात चाललो, आणू का एक?"

तो माणूस त्या दिवशी माझ्यापुरता मेला.

मला वाटलं, वेल उपाशी आहे. मूठभर युरिया दिला. वेल सावरला, पोपटी पानं फुटली. मग मी हावरटासारखा ओंजळीनं टाकला. पानं काळपट हिरवी झाली, मग शेंडे वाळले, बोटभर कोवळी फळं पिवळी पडून गळली. खतवाला म्हणाला, मातीत मीठ असताना थोडा युरिया आधार देतो, जास्त झाला की तोही खारच, मुळांना पाणी ओढता येत नाही. असेल. पण मीठ नसतं तर युरिया लागला कशाला असता? वेल शेजाऱ्यानंच मारला.

थंडीत त्याची बायको कडेवर भलंमोठं कोहळं घेऊन आली. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्याला बाई पहिला सुरा लावत नाही, तो माणसानं लावायचा. नवरा उमरेडला गेलेला, घरी पाहुणे यायचे होते. सांगू लागली, बी काकूनंच दिलं होतं, वेल समोरच्या अंगणात चढवला. स्वतःच्या वेलापाशी तो खारं पाणी कशाला ओतेल, मी मनात म्हटलं.

मी कोहळं फोडलं, फाका केल्या. बिया बोटांनी ओरबाडून माझ्या ताटात काढल्या.

"फाका ने वं. बी नाही भेटत."

"चार तरी द्या जी, पुढच्या साली लावाले."

"नवऱ्याले सांग, तुह्या पाण्यानं काकूचा वेल मेला. बी आता माझं."

ती फाका उचलून गेली. तिचा दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

यंदा गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये वेल लावला आहे. फळं धरली आहेत. त्याच्या अंगणात वेल चढवायची नुसती तार आहे, आणि येताजाता तो मान वर करून पाहतो. मी मुद्दाम कठड्याशी उभा राहतो.